धुक्याच्या वरचं ऊन

माझा थोरला भाऊ एदमुन झोपला की श्वास घ्यायला विसरतो. जागेपणी त्याचं बरं चालतं. लहानपणी पोलिओ झाला, पाय गेले, तरी दोन कुबड्यांवर त्याने धक्क्यावरचं कॉफीचं दुकान म्हातारा होईपर्यंत चालवलं. पण त्या आजाराने छातीचे स्नायूही दुबळे करून ठेवले होते, ते आता उतारवयात कळलं. दोन हिवाळ्यांपूर्वी इथे उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्या इस्पितळाने त्याला एक मशीन दिलं. नाकातोंडावर मास्क बसवायचा आणि मशीन त्याच्याऐवजी श्वास लक्षात ठेवतं. निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं की मशीनशिवाय झोपायचं नाही, खुर्चीतली डुलकीसुद्धा नाही.

मशीनला भिंतीतली वीज लागते, आणि लांगवात्न तळ्याकाठी भिंत नाही. त्यामुळे लग्नापासून दर उन्हाळ्यात तिथे तंबू टाकणारी ही दोघं, एदमुन आणि त्याची बायको गुनवोर, दोन उन्हाळे घरी बसली. एदमुनने कुरकुर केली नाही. एक दिवस त्याने शेजारच्या योस्टाइनला आपली मासेमारीची काठी देऊन टाकली, एवढंच. गुनवोर वहिनी दुसऱ्या दिवशी योस्टाइनच्या दारात गेल्या आणि काठी परत घेऊन आल्या. दिलेली वस्तू परत मागायची लाज वाटली नाही का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "लाज मासे साफ करायच्या कारखान्यात सोडून आले, भावजी. तिथे तिला ठेवायला जागा नव्हती."

वहिनी आमच्या सेन्या बेटावरच्या नव्हेत, समोरच्या किनाऱ्यावरच्या. सोळाव्या वर्षी मासळीच्या कारखान्यात सुरी हातात घेतली ती पेन्शनीपर्यंत. कुबड्यांवरच्या माणसाशी लग्न का करतेस, असं त्यांना कारखान्यातल्या बायकांनी विचारलं होतं. बाकीचे बसल्या जागी बसून राहतात, हा निदान उठायची खटपट करतो, असं त्यांनी उत्तर दिलं. त्यांचा स्वभाव एवढ्या एका उत्तरात सगळा येतो. ठरवायचं त्या, आणि ठरलं की मागे बघायचं नाही. कुठलंही यंत्र घरात आलं की त्याची माहितीपुस्तिका जेवताना मोठ्याने वाचायच्या, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. एदमुनच्या मशीनची पुस्तिका त्यांना जवळजवळ पाठ होती. त्यात लिहिलं होतं की हे मशीन बॅटरीवरही चालतं.

तेव्हा जूनच्या सुरुवातीला वहिनी आणि मी फिन्स्नेस गावातल्या बॅटऱ्यांच्या दुकानात गेलो. तिथला विक्रेता दक्षिणेकडचा होता, त्याच्या बोलण्यावरून लगेच कळलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मशीन रात्रीत किती वीज खातं ते त्याने कागदावर मांडलं आणि एक मोठी बॅटरी पुढे ढकलली. ती उचलताना माझी पाठ दुखली. ही घ्या, म्हणजे ऊन नसलं तरी तीन रात्रींची काळजी नाही, असं तो म्हणाला. वहिनींनी शेजारची छोटी बॅटरी उचलून पाहिली, बाजारात कोबीचा गड्डा उचलावा तशी. तिच्यावर एक रात्र जेमतेम निघेल, असं त्याने सांगितलं.

"एकच लागेल," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याकडे दक्षिणेत रात्र असते म्हणून तुम्ही साठवता. आमच्याकडे आता जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही. मग साठवायचं कशाला? उन्हावर वीज करणारं पॅनेल तेवढं मोठं द्या."

"आजी, ढग आले तर?"

"आजी कुणाची? माझी नातवंडं ओस्लोत आहेत, तुला मी त्यांच्यात पाहिलेलं नाही."

तो हसला, पण पुन्हा एकदा म्हणाला की मोठी न्या. वहिनींनी छोटी बॅटरी घेतली आणि मोठं, चार घड्यांचं पॅनेल घेतलं. त्यांचं बोलणं मला तरी पटलं होतं. घरी आल्यावर त्यांनी सगळं पडताळूनही पाहिलं. आमच्या घरांची उत्तरेची बाजू उघड्या समुद्राकडे आहे. जेवणं उरकून सगळे झोपायला निघतात तेव्हा तिकडे सूर्य पाण्यावर टेकलेला असतो, पण बुडत नाही. वहिनींनी पॅनेल व्हरांड्याच्या कठड्याला टेकवलं आणि मला बोलावून आकडा दाखवला. त्या वेळीसुद्धा बॅटरी भरत होती. त्या दुकानदाराला फोटो पाठवा, असं त्या म्हणाल्या. मी पाठवला नाही, मला ते जमत नाही. एदमुन मास्क लावून त्या बॅटरीवर एक रात्र झोपला आणि सकाळी उठून त्याने स्वतः गळ साफ करायला घेतले. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

योस्टाइनने आम्हा तिघांना चार जाड चाकांच्या गाडीने दलदलीतून तळ्यावर नेलं. एदमुन मागच्या छोट्या ट्रॉलीत गाद्यांवर बसला होता, मांडीवर मशीन. चौथ्या दिवशी दुपारी न्यायला येतो, असं सांगून योस्टाइन परतला. तळ्यावर फोन लागत नाही. फोन लागतो वर, खिंडीच्या खांद्यावर, म्हणजे चढ संपतो त्या सपाटीवर.

तंबू नेहमीच्या जागी टाकला. ती जागा वाऱ्यापासून आडोशाची आहे. मागे आणि पश्चिमेला कडा सरळ उभा, पुढे पाणी. चुलीचे जुने दगड तसेच होते. एदमुनने पाण्याशी बसून संध्याकाळी चार मासे धरले, लाल पोटाचे, आणि वहिनींनी ते लोण्यात तळले. त्या रात्री मशीन नीट चाललं. बॅटरीत सकाळी थोडंच उरलं होतं, पण ऊन लख्ख होतं. पॅनेल दगडाला टेकवलं, आकडा चढू लागला. पण दुपार कलते न कलते तोच कड्याची सावली पॅनेलच्या कडेला लागली.

वहिनींनी पॅनेल सरकवलं. सावली मागे आली. पुन्हा सरकवलं. मग त्या कमरेवर हात ठेवून कड्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"एदमुन," त्या म्हणाल्या, "इथे संध्याकाळी ऊन असायचं ना?"

"उजेड असायचा," तो म्हणाला.

एवढंच. इतके उन्हाळे आम्ही त्या जागी रात्र रात्र मासे धरले होते, पुस्तक वाचलं होतं, सुईत दोरा ओवला होता. उजेड कधी गेला नव्हता. पण सूर्य सगळा वेळ कड्यामागे फिरत असायचा आणि आमच्यापर्यंत पोचायचं ते आकाशाचं उसनं तेज. त्याने माणसाचं काम भागतं, पॅनेलचं नाही. ऊन तिथे दिवसाचे थोडेच तास यायचं, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याही कधी लक्षात आलं नव्हतं, कारण कधी गरजच पडली नव्हती.

वहिनी पॅनेल आणि बॅटरी घेऊन दलदलीच्या कडेपर्यंत ऊन धरत गेल्या. तिथून पुढे पाय रुततो. तेवढ्यात ढगही आले. बॅटरी निम्मीही भरली नाही. त्या रात्री मशीन मध्येच टीं टीं करून थांबलं. वहिनी बहुतेक झोपल्याच नव्हत्या. त्यांनी एदमुनला लगेच हलवून बसवलं. पुढचं झोपेचं राहूनच गेलं.

सकाळी तंबूचं दार उघडलं तर तळं नव्हतं. समुद्रावरून धुकं चढून आलं होतं. हात लांब केला तर बोटं पुसट दिसत होती. पॅनेल लावून पाहिलं. आकडा हललाच नाही. योस्टाइन येणार दुसऱ्या दिवशी दुपारी. एदमुन गाद्यांना टेकून बसला होता, डोळ्यांखाली काळं, आणि जांभया देत होता. एक जांभई संपली की दुसरी. त्याचं डोकं दुखत होतं, हे त्याने विचारल्यावर सांगितलं. झोप अपुरी झाली की त्याचा श्वास जास्तच उथळ होतो, आणि मग झोप आणखी ओढते. आता तो झोपला तर उठेल की नाही, हा प्रश्न कुणी तोंडाने काढला नाही.

वहिनींनी कॉफी केली. ती पिता पिता त्या वर बघत होत्या, जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"समुद्राच्या धुक्याला छप्पर असतं," त्या म्हणाल्या. "त्याच्या वर आभाळ मोकळं. खिंडीच्या खांद्यावर ऊन असेल. मी बॅटरी आणि पॅनेल घेऊन वर जाते. भरली की उतरते."

मी म्हटलं, मी जातो. त्या माझ्या गुडघ्याकडे बघून म्हणाल्या, "चढेल तो, पण उतरणार नाही, मग मला दोघांना उचलावं लागेल." ती मोठी बॅटरी असती तर त्यांनाही नेता आली नसती, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं, आणि ती असती तर न्यायची वेळही आली नसती, हेही.

"तुम्ही इथे बसा आणि बोला," त्या मला म्हणाल्या. "त्याला क्षणभरही झोपू द्यायचं नाही."

"मी काय बोलणार, वहिनी?"

"आयुष्यभर साठवलंय ना? आज काढा."

फोन त्यांनी खिशात घातला. ते एदमुनने पाहिलं.

"हेलिकॉप्टर बोलवू नकोस," तो म्हणाला. "एकदा मला असं उचलून नेलं की पुन्हा कुणी इथे येऊ देणार नाही. ना डॉक्टर, ना पोरगा. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या. "आणि श्वास राहिला नाही तरी येता येणार नाही. मी वर जाऊन काय करायचं ते बघते. तू डोळे उघडे ठेव."

पाठीवर पॅनेल, पोटाशी जाकिटात बॅटरी, हातात एदमुनची एक कुबडी. दहा-बारा पावलांवर त्या दिसेनाशा झाल्या. त्यानंतर दगड घसरल्याचा आवाज थोडा वेळ येत होता, मग तोही थांबला.

मी बोलायला लागलो. छपराची कौलं, शेजारचं मांजर, बाबांची होडी, ग्रंथालयातली नवी खुर्ची. माझे विषय फार लवकर संपले. एदमुन म्हणाला, "सत्तर वर्षांत तू एवढं बोलला नाहीस. आणि इतकं रटाळ कुणी बोललं नाही." मला बरं वाटलं, कारण टोमणा मारणारा माणूस जागा असतो. मी त्याला कॉफी दिली, तपकिरी चीज घालून भाकरी दिली, तोंडावर तळ्याचं पाणी मारलं. दुपार उलटली. धुकं तसंच. वहिनींचा पत्ता नाही. वर ऊन असेलच कशावरून? आणि त्या घसरल्या असतील तर? त्यांच्यामागे जायचं तर एदमुनला सोडावं लागणार होतं.

मग त्याची उत्तरं तुटायला लागली. मी होडीचं विचारलं तर तो दुकानाचं बोलला. हनुवटी छातीवर पडली. मी खांदा हलवला, डोळे उघडले, पुन्हा मिटले. ओठांना निळसर झाक आल्यासारखी वाटली. की तो धुक्याचा रंग होता, मला सांगता येईना. मी त्याच्या कानाशी त्याचं नाव घेतलं. तो "हो" म्हणाला आणि झोपायला लागला.

मला एकदम काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "अडीच किलो."

काहीच नाही. मी मोठ्याने म्हटलं, "तुझा तो मासा. अडीच किलोचा होता."

मुलगा झाला त्या उन्हाळ्यात एदमुनने या तळ्यात एक मासा धरला होता. चार किलोचा. दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने त्याची हकीकत कॉफीबरोबर ऐकलेली आहे, काहींनी दरवर्षी.

त्याचा एक डोळा उघडला. "काय म्हणालास?"

"अडीच. चार नाही."

"तू होतास का तिथे?"

"वहिनी होत्या. त्यांनीच सांगितलं मला."

त्या तसं काही बोलल्या नव्हत्या. पण एदमुनचे दोन्ही डोळे आता उघडे होते.

"गुनवोर म्हणाली? अडीच?"

"तुला खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचार."

"विचारतोच," तो म्हणाला, आणि हातांवर जोर देऊन सरळ बसला. "येऊ दे तिला. ती येईपर्यंत मी इथून हलत नाही."

तेव्हाच मला वाटलं की उतरताना वहिनींना तंबू सापडायचा कसा? मी रिकामी किटली घेतली आणि चमच्याने वाजवायला लागलो. एदमुनने ती माझ्या हातातून काढून घेतली. तुला तालही धरता येत नाही, असं म्हणून तो स्वतः वाजवू लागला. ते उत्तमच झालं. किटली वाजतेय म्हणजे तो जागा आहे, हे मला तोंडाकडे न बघता कळत होतं. मी दाराशी उभा राहून धुक्यात कान लावला होता आणि मागे तो ठोका. सावकाश होत गेला की मी ओरडायचो, "अडीच!" आणि ठोका पुन्हा जोरात यायचा. किती वेळ असं चाललं, मी घड्याळ पाहिलं नाही. पाहायची भीती वाटली.

एकदा ठोका थांबला. मी वळलो. चमचा गादीवर पडला होता, एदमुन तो शोधत होता, शेजारीच असलेला चमचा त्याच्या हाताला लागत नव्हता. मी तो त्याच्या मुठीत दिला आणि माझ्या मुठीने त्याची मूठ धरून ठेवली. आम्ही दोघांनी मिळून वाजवलं. लहानपणी घरी त्याचा व्यायाम करून घेताना मी असाच त्याचा हात धरायचो.

मग बाहेरून कुबडीचा दगडावर आवाज आला.

वहिनी धुक्यातून आल्या तेव्हा मी आधी त्यांचं तोंड पाहिलं. आम्ही दिवसभर ओल्या राखाडी हवेत बसलो होतो आणि त्यांचं नाक, कपाळ लालभडक भाजलेलं होतं. पँट एका बाजूने चिखलाने माखलेली, तळहात सोललेला. जाकिटातून त्यांनी बॅटरी काढली. ती जवळजवळ पूर्ण भरलेली होती. बोलण्याइतकाही दम त्यांच्यात नव्हता, पण एदमुनमध्ये होता.

"मासा किती किलोचा होता?" त्याने विचारलं.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही. त्यांनी मशीनची वायर बॅटरीत घातली, मास्क हातात घेतला आणि पट्टे सैल केले.

"आधी झोप. उठलास की सांगते."

"चार की अडीच?"

"उठलास की, म्हटलं ना."

मास्क बसला. मशीनचा तो उसासा सुरू झाला. दोन-तीन श्वासांतच तो झोपला. वहिनी त्याच्या छातीवर हात ठेवून बसल्या. ओठांचा रंग परत येईपर्यंत त्यांनी हात काढला नाही, आणि मीही श्वास मोजायचं सोडलं नाही.

नंतर कॉफी घेताना त्यांनी थोडं थोडं सांगितलं. वर जाताना एकदा घसरल्या, बॅटरी जाकिटात होती म्हणून हात आधी टेकवला. छपराच्या वर डोकं निघालं तेव्हा सगळीकडे पांढरं आणि त्यातून नुसते सुळके. वर बसून त्या सूर्याबरोबर पॅनेल फिरवत राहिल्या. ट्रोम्सोला फोन केला. वॉर्डातल्या नर्सने सांगितलं की त्याला बसवून ठेवा, ओठ निळे पडले किंवा बोलणं बरळल्यासारखं झालं तर लगेच कळवा, धुकं असलं तरी माणसं चालत येतील.

"मी इथे, आणि निळे पडले की नाही ते बघणारे तुम्ही तिथे," वहिनी म्हणाल्या. "कळवणार कसं, ते तिने विचारलं नाही. मीही नाही." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "वर इतकं ऊन होतं, भावजी, मला लाज वाटली."

मी त्यांना माशाचं सांगितलं. त्या तोंडावर हात धरून हसल्या, एदमुन उठू नये म्हणून. "अडीच? तुम्ही फार उदार. दोन होता, आणि तोही ओला."

सकाळी एका वाऱ्यात धुकं उठलं आणि कड्याच्या कडेवरून ऊन तंबूवर आलं. बॅटरी संपत आली होती. वहिनींनी पॅनेल मांडलं, वायर जोडली, आणि मशीन ऊन खात खात चालू राहिलं. एदमुन झोपलेलाच होता. त्याची दोन दिवसांची झोप बाकी होती. वहिनी त्याच्या पायाशी बसल्या, मग कलंडल्या, आणि त्यांनाही झोप लागली.

दुपारी योस्टाइनच्या गाडीचा आवाज आला. मी धावत, म्हणजे मला जमेल तसा, दलदलीपर्यंत गेलो आणि हाताने इंजिन बंद करायला सांगितलं. तो घाबरला. मी सांगितलं, दोघं झोपलेत. तो चालत आला, तंबूत डोकावला, आणि चुलीच्या दगडावर बसला. कुजबुजत त्याने विचारलं, उठवू या का, परत जायला वेळ लागेल.

मी नाही म्हटलं. कड्याची सावली पायथ्याच्या दगडांवरून पॅनेलकडे सरकत होती. मी पॅनेलचं एक टोक धरलं, योस्टाइनने दुसरं, आणि वायर ताणेल तिथपर्यंत आम्ही ते उन्हात ओढलं.